रुपुनुनीच्या माळरानावर सायकलीनें

सुट्टी जवळ आली कीं घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि बेत सुरू झाले कीं पैशाचा प्रश्न पुढें उभा राहतो. दूरचा आणि निर्जन मुलूख पाहावयाचा तर मोठी मोटार, वाटाड्या, तंबू आणि भरलेली थैली यांवांचून गत्यंतर नाहीं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज मी ज्या प्रदेशाविषयीं बोलणार आहें, तेथें ही समजूत लागू पडत नाहीं. तेथें जें वाहन सर्वांत स्वस्त, तेंच बऱ्याच अंशीं सर्वांत सोयीचें आहे. तो प्रदेश म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील गयाना देशाचा नैर्ऋत्य भाग, रुपुनुनी. आणि तें वाहन म्हणजे आपली नेहमींची सायकल. मात्र ही स्वस्ताई कशामुळें शक्य होते आणि तिच्यासाठीं पैशाऐवजीं दुसरें काय खर्च करावें लागतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

गयाना हा देश दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. इंग्रजी ही राजभाषा असलेला त्या खंडांतील हा एकच स्वतंत्र देश. पूर्वीं ब्रिटिश गियाना म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख २६ मे १९६६ रोजीं स्वतंत्र झाला. आपल्याशीं त्याचा संबंध जुना आहे. ५ मे १८३८ रोजीं हिंदी मजुरांना घेऊन पहिलीं दोन जहाजें तेथें पोंचलीं, आणि १९१७ पर्यंत सुमारें २,३९,००० माणसें उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं तिकडे नेण्यांत आलीं. त्यांतील बहुसंख्य लोक आजच्या बिहार व उत्तर प्रदेश या भागांतले होते. त्यांचे वंशज आज तेथील लोकसंख्येच्या सुमारें दोन पंचमांश आहेत. परंतु देशांतील दहांपैकीं नऊ माणसें समुद्रालगतच्या चिंचोळ्या पट्टींत राहतात. त्या पट्टीच्या मागें घनदाट अरण्य पसरलें आहे. तें ओलांडून पलीकडे गेलें कीं झाडें एकाएकीं मागें राहतात, आणि क्षितिजापर्यंत गवत दिसूं लागतें. हेंच रुपुनुनीचें माळरान.

माळरान हा शब्द मी बुद्ध्याच वापरला आहे. भूगोलाच्या पुस्तकांत ज्याला सॅव्हाना म्हणतात, त्याचीं मुख्य लक्षणें दोन. जमिनीवर गवताचें सलग आच्छादन व त्यांत विखुरलेलीं झाडें, हें पहिलें. वर्षाचे ओला आणि कोरडा असे दोन स्पष्ट भाग, हें दुसरें. पुणें, सोलापूर या बाजूचे आपले माळ हेही याच जातींत मोडतात, असें आतां शास्त्रज्ञ सांगतात. रुपुनुनीचें माळरान सुमारें १३,००० चौरस किलोमीटर आहे. कानुकू नांवाच्या अरण्याच्छादित डोंगररांगेनें त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले आहेत. उत्तरेच्या अंगास पाकाराइमा पर्वत आहे, आणि पश्चिमेस ताकुतू नदीपलीकडे हेंच गवत ब्राझिल देशांत दूरवर पसरत गेलें आहे.

विषुववृत्तापासून अवघ्या तीन-चार अंशांवर, एवढ्या पावसाच्या मुलखांत, अरण्य कां नाहीं असा प्रश्न सहजच मनांत येतो. त्याचें उत्तर जमिनींत आहे. येथील माती आम्लधर्मी आणि निकस आहे. कित्येक ठिकाणीं थोड्याच खोलीवर आपल्या कोंकणांतील जांभ्यासारखा कठीण थर लागतो. त्यामुळें पावसाळ्यांत पाणी सांचून मुळें कुजतात, आणि कोरड्या दिवसांत तीच जमीन भाजून निघाल्यानें मुळें वाळतात. या दोन्ही परीक्षांतून जें झाड पार पडेल, त्याला तिसरी परीक्षा आगीची द्यावी लागते. कारण कोरड्या ऋतूंत तेथील लोक नवा कोंवळा चारा फुटावा म्हणून जुनें गवत पेटवून देतात. गवताचे कोंब जमिनीखालीं सुरक्षित राहतात, आणि कांहीं दिवसांतच काळ्या राखेंतून हिरवीं पातीं वर येतात. झाडांपैकीं जीं टिकतात त्यांची साल जाड आणि बुचासारखी असते. असें एक वेडेंवांकडें, ठेंगणें झाड तेथें सर्वत्र दिसतें. त्याचीं पानें इतकीं खरखरीत असतात कीं त्यांनीं लांकूड घांसतां येतें, म्हणून लोक त्यास कांचकागदाचें झाड असेंच म्हणतात.

आतां या प्रदेशाचें सर्वांत मोठें वैशिष्ट्य सांगतों. रुपुनुनी हें वर्षांतून कांहीं महिने माळरान आणि कांहीं महिने जवळजवळ सरोवर असतें. मे ते ऑगस्ट हा तेथील मुख्य पावसाळा. या काळांत नद्या कांठ सोडून मैदानावर पसरतात. रुपुनुनी नदीचें पाणी एसेक्विबो नदीवाटें अटलांटिक महासागरास मिळतें. पश्चिमेकडील इरेंग व ताकुतू या नद्यांचें पाणी मात्र ब्राझिलमधून ॲमेझॉनला जातें. या दोन खोऱ्यांमधील जमीन इतकी सखल आहे कीं भर पावसाळ्यांत दोन्हीकडचें पाणी एक होतें, आणि एका महानदीचे मासे दुसरींत जाऊं शकतात.

या पुरामुळें एके काळीं सारें युरोप फसलें होतें. सर वॉल्टर रॅले १५९५ सालीं सोन्याच्या नगरीचा शोध करीत ओरिनोको नदीवर आला. गियानाच्या अंतर्भागांत परिमा नांवाचें विशाल सरोवर आहे आणि त्याच्या कांठीं मनोआ ही सुवर्णनगरी आहे, अशी समजूत त्या सुमारास पसरली, आणि तें सरोवर पुढें जवळजवळ दोनशें वर्षें नकाशांत दाखविलें जात होतें. रुपुनुनीच्या पुरांतून ही कल्पना निघाली असावी, असें अनुमान प्रसिद्ध भूगोलज्ञ हंबोल्ट यानें केलें. १८३० नंतरच्या दशकांत रॉबर्ट शोम्बर्क यानें हा मुलूख प्रत्यक्ष हिंडून पाहिला, तेव्हां त्यास आढळलें तें पावसाळ्यांत फुगणारें आणि उन्हाळ्यांत आटून जाणारें अमुकू नांवाचें तळें. सोन्याची नगरी खोटी ठरली. सरोवर मात्र अगदींच खोटें नव्हतें. तें दरवर्षीं येतें आणि जातें.

ही हकीकत केवळ मौजेची म्हणून सांगितली नाहीं. प्रवासाचा सारा हिशेब तिच्यावरच बसवावयाचा आहे. पावसाळ्यांत सायकल घेऊन निघालेला मनुष्य चिखलांत रुतेल, ओढ्यांवर अडेल, आणि सुट्टी संपेपर्यंत एखाद्या खेड्यांत पाहुणा होऊन राहील. म्हणून ऑक्टोबर ते मार्च हेच महिने निवडावे. या महिन्यांत ईशान्येकडून व्यापारी वारे जोरानें वाहतात, आणि माळावर त्यांना आडवें यावयास कांहींच नसतें. ताशीं दहा किलोमीटर जाणाऱ्या सायकलस्वारास वाऱ्याची दिशा चढउतारापेक्षांही महत्त्वाची असते. तेव्हां माळरानाच्या उत्तर टोंकास असलेल्या अनाई या गांवापासून निघून नैर्ऋत्येस लेथेम या गांवाकडे जावें, म्हणजे वारा पाठीशीं राहतो. उलट दिशेनें निघाल्यास तोच रस्ता दुप्पट लांब वाटतो.

अनाईपर्यंत पोंचावयाचें कसें? राजधानी जॉर्जटाउनपासून लेथेम रस्त्यानें सुमारें ५५० किलोमीटर आहे. विमान हें अंतर साधारण सव्वा तासांत कापतें. पण काटकसरीनें जाणारासाठीं रात्रभर धांवणाऱ्या लहान बसगाड्या आहेत, आणि त्यांच्या टपावर सायकल बांधतां येते. लिंडेन या गांवापर्यंत रस्ता डांबरी आहे. पुढें रस्ता अरण्यांतून जातो. कुरुपुकारी येथें एसेक्विबो नदी तराफ्यावरून ओलांडावी लागते, आणि त्यानंतर सुमारें ३,७१,००० हेक्टरांचें इवोक्रामा हें राखीव अरण्य लागतें. १९२० च्या सुमारास अरण्यांतून वाट तोडून माळरानावरील गुरें किनाऱ्याकडे हांकीत नेत असत. १९३३ सालीं ईव्हलिन वॉ हा इंग्लिश कादंबरीकार याच भागांतून घोड्यावरून ब्राझिलमधील बोआ व्हिस्तापर्यंत गेला, आणि त्या खडतर प्रवासाचें वर्णन त्यानें पुढील वर्षीं प्रसिद्ध केलें. त्या मानानें आजच्या बसमधील एका रात्रीचे धक्के म्हणजे मोठीशी तक्रार नव्हे.

येथवर आल्यावर सायकलीचा विचार करूं. रुपुनुनींत सायकल हें परदेशी प्रवाशाचें खूळ नाहीं. तें तेथील गृहस्थाचें रोजचें वाहन आहे. उत्तरेस माकुशी आणि दक्षिणेस वापिशाना या आदिवासी जमाती मुख्यतः राहतात. त्यांचीं घरें माळावर, मोकळ्या वाऱ्यांत असतात. पण माळाची माती निकस असल्यामुळें त्यांचीं शेतें डोंगराच्या पायथ्याशीं अरण्याच्या कडेला असतात. घर एकीकडे आणि शेत कित्येक किलोमीटर दूर, अशी ही व्यवस्था आहे. पूर्वीं हें अंतर पायीं किंवा बैलगाडीनें जात. आतां सायकलीनें जातात. शाळेंतलीं मुलें, पाठीवर वेताची करंडी घेतलेल्या बायका, मासे पकडावयास निघालेले पुरुष, सारे सायकलीवर दिसतात. मोटारीचे रस्ते थोडे आहेत. सायकलीच्या पाऊलवाटा मात्र गवतांतून गांवोगांव गेलेल्या आहेत. मोटार भाड्यानें घेणें हा या प्रदेशांतील प्रवासाचा सर्वांत जड खर्च. तो टाळणारा प्रवासी गरिबींत राहतो असें नाहीं. तो तेथल्या लोकांच्या रीतीनें राहतो, इतकेंच.

रस्त्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. मातीच्या मोठ्या रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या सरी पडलेल्या असतात, आणि त्यांवरून जातांना दांत खिळखिळे होतात कीं काय असें वाटतें. या सरी कशा पडतात हें पाहण्यासारखें आहे. मोटारीचें चाक ठराविक वेगापेक्षां जलद जाऊं लागलें कीं मातींतील लहानशा उंचवट्यावरून तें किंचित् उडतें आणि पलीकडे आपटून खळगा करतें. मागून येणारें चाक तेथेंच आपटतें, आणि हळूहळू साऱ्या रस्त्यावर त्या खळग्यांची माळ तयार होते. सावकाश जाणाऱ्या चाकानें असे खळगे पडत नाहींत. म्हणूनच मोठ्या रस्त्याच्या कडेनें सायकलींनीं पाडलेली जी अरुंद वाट असते, ती बहुधा गुळगुळीत असते. नवख्यानें तीच धरावी. वाळू लागली तर टायरमधील हवा थोडी कमी करावी, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाहीं. रुतलाच तर खालीं उतरून ढकलावें. त्यांत कमीपणा नाहीं, तेथील माणसेंही तेंच करतात.

सायकल साधी, मजबूत आणि रुंद टायरांची असावी. नाजूक यंत्रणेची महागडी सायकल तेथें मोडली तर तिचा सुटा भाग मिळणार नाहीं. साध्या सायकलीचें दुखणें मात्र कोणत्याही खेड्यांतला मुलगा ओळखतो. बरोबर पंप, दोन जादा ट्यूबा, पंक्चरचें सोल्यूशन, पाने, चाकाच्या कांहीं तारा आणि चेनचा जोड एवढें असलें म्हणजे पुरे. धुळींत चेनला फार तेल देऊं नये. तेलावर धूळ बसून तिचा लगदा होतो आणि दाते झिजतात.

आतां पाण्याचा प्रश्न. या प्रवासांत खरें मरण-जीवन कशावर अवलंबून असेल तर तें पाण्यावर. अनाई ते लेथेम हें अंतर शंभर ते सव्वाशे किलोमीटरांच्या दरम्यान आहे, आणि मोठ्या रस्त्यावर सावली फारच थोडी. सामानासह ताशीं दहा-बारा किलोमीटर हा वेग धरला, तर हें अंतर तीन दिवसांत सुखानें होतें. परंतु त्या उन्हांत श्रम करणाऱ्या माणसास दिवसाकांठीं सहा ते आठ लिटर पाणी लागतें. आठ लिटर पाणी म्हणजे आठ किलो वजन. यापेक्षां अधिक वाहून नेणें अवघड, आणि कमी नेणें धोक्याचें. म्हणून रोजचा मुक्काम किलोमीटरांवरून ठरवावयाचा नसतो, पुढील खात्रीच्या पाण्यावरून ठरवावयाचा असतो. तहान लागल्यावर विहीर खणूं नये ही म्हण आपण घरीं बसून उपदेशासाठीं वापरतों. रुपुनुनींत तिचा शब्दशः अर्थ कळतो.

माळावर दूर कोठें उंच ताडांची हिरवी रेघ दिसली, तर तेथें ओल आहे असें समजावें. ईते नांवाचा हा ताड पाणथळ जागींच वाढतो. पण अशा ठिकाणचें पाणी कोरड्या ऋतूंत गढूळ असतें, आणि मोठ्या तळ्यांत व नदींत केमन जातीच्या मगरीही असतात. तेव्हां पाणी माणसांच्या सोबतीनें भरावें आणि उकळून किंवा गाळून, शुद्ध करूनच प्यावें. पहांटे उजाडतांच निघावें, दहा वाजेपर्यंत चालावें, दुपार कोणाच्या तरी छपराखालीं काढावी, आणि ऊन कलल्यावर पुन्हां तासदोन तास जावें. विषुववृत्त जवळ असल्यामुळें बारा महिने सकाळीं सहाच्या सुमारास उजाडतें आणि संध्याकाळीं सहाच्या सुमारास दिवस मावळतो; संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाहीं. डोकें दुखूं लागलें, घाम थांबला, बोलणें असंबद्ध झालें, तर त्या दिवसाचा प्रवास तेथेंच संपला असें समजावें. सोबत्याला सावलींत निजवून त्याचें अंग ओलें करावें आणि ताबडतोब मदत बोलवावी. एकट्यानें हा प्रवास करूं नये, याचें कारण हेंच.

राहण्याची सोय स्वस्तांत होते ती हॅमॉकमुळें. हॅमॉक म्हणजे दोन खांबांना टांगलेली निजण्याची झोळी. हें साधन मूळ याच खंडांतल्या आदिवासींचें. खेड्यांत ताडाच्या पानांनीं शाकारलेलीं, भिंती नसलेलीं छपरें असतात. त्यांना बेनाब म्हणतात. अशा छपराखालीं जागा मिळाली, तर झोळी आणि मच्छरदाणी एवढ्यावर रात्र उत्तम जाते. वारा खेळता राहतो, आणि जमिनीवरील किड्यामुंग्यांची भीति नसते.

जेवणांत कसावा हा मुख्य. हा कंद आपल्याला परका नाहीं. ज्यापासून आपला साबुदाणा बनतो तोच हा. मात्र तेथील कडू जातीच्या कसाव्यांत विषारी द्रव्य असतें. बायका कंद किसून तो मातापी नांवाच्या विणलेल्या लांबट पिशवींत भरतात. ती टांगून खालून ताणली कीं आपोआप आंवळते आणि विषारी रस पिळून निघतो. राहिलेल्या चोथ्याच्या मोठ्या भाकऱ्या करतात किंवा तो भाजून फारीन नांवाचा रवाळ पदार्थ करतात. पिळलेला रसही वायां जात नाहीं. तो खूप वेळ उकळला कीं विष निघून जातें, आणि दाट काळा अर्क राहतो. तो घालून मासे-मिरचीचा रस्सा शिजवितात. फारीन महिनेच्या महिने टिकतें, वजनाला हलकें असतें, आणि पाण्यांत भिजवून खातां येतें. सायकलीवरील प्रवाशास याहून सोयीची शिदोरी नाहीं. अनाईजवळच्या अरानापुटा गांवीं भुईमूग पिकतो आणि त्याचें लोणीही करतात. माळावर घराशेजारीं काजूचीं झाडें दिसतात. श्रोतेहो, आपल्या उपवासाच्या खिचडींतील साबुदाण्याचा कंद, दाणे आणि मिरची हीं तिन्ही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. काजूही तिकडूनच पोर्तुगिजांनीं गोव्यांत आणला. एवढ्या दूर जाऊन आपल्या मुदपाकखान्याचें आजोळ भेटावें, ही या प्रवासांतील एक गंमतच आहे.

परंतु स्वस्त प्रवासाचा एक दुसरा, अधिक महत्त्वाचा भाग येथेंच येतो. हें माळरान मोकळें दिसतें, पण बेवारशी नाहीं. गांवांच्या नांवावर असलेल्या जमिनींत शिरण्यापूर्वीं गांवच्या पंचायतीची परवानगी घेतली पाहिजे, असा तेथील २००६ च्या कायद्याचा नियम आहे. गांवच्या निवडून आलेल्या प्रमुखास तोशाओ म्हणतात. आपल्याकडचा सरपंच म्हणाना. गांवांत पोंचतांच आधीं त्याला भेटावें, आपण कोण, कोठें जाणार, किती दिवस राहणार हें सांगावें, आणि गांवानें ठरविलेली जी कांहीं रक्कम असेल ती घासाघीस न करतां द्यावी. आडवाटेनें जावयाचें असल्यास गांवचाच वाटाड्या घ्यावा. तो आपल्या सायकलीवरून पुढें जातो, आणि पाणी कोठें आहे, ओढा कोठें उतरतां येतो, कोणतें गवत आज पेटणार आहे, हें त्यास ठाऊक असतें. पाहुण्याला पाणी आणि अन्न द्यावें ही तेथली रीत आहे. त्या रीतीवर फुकट पोट भरून, मीं किती थोड्या पैशांत प्रवास केला असें घरीं येऊन सांगणें म्हणजे काटकसर नव्हे. आपला खर्च दुसऱ्याच्या घरावर टाकणें होय. ज्या घरचें फारीन माणसांनीं दोन दिवस राबून तयार केलें आहे, तेथें त्याची किंमत देऊनच तें घ्यावें.

एवढें पथ्य पाळणाऱ्यास रुपुनुनी काय देतें? सायकल आवाज करीत नाहीं, आणि तिच्यावर बसलेल्या माणसाची नजर गवताच्या वर असते. त्यामुळें मोटारींतून जें धुळीआड जातें, तें येथें सामोरें येतें. माळावर वाळवीचीं माणसाएवढालीं वारुळें उभीं असतात. पहांटेच्या गारव्यांत, नशीब असेल तर, झुबकेदार शेंपटीचा मोठा मुंगीखाऊ तीं वारुळें उकरीत फिरतांना दिसतो. त्याला दांत नसतात, पण पुढील पायांचीं नखें भयंकर असतात, म्हणून दूरूनच पाहावा. बिळांत राहणारीं लहान घुबडें दिवसाही दाराशीं उभीं असतात. तळ्याच्या कांठीं जाबिरू नांवाचे उंच करकोचे दिसतात. नदींत अरापाइमा हा जगांतील गोड्या पाण्यांतल्या सर्वांत मोठ्या माशांपैकीं एक मासा आहे. कारानांबू येथें डायान मॅकटर्क या बाईंनीं पोरक्या झालेल्या प्रचंड पाणमांजरांना वाढवून पुन्हां नदींत सोडण्याचें काम आयुष्यभर केलें. त्या २०१६ सालीं वारल्या. शास्त्रीय जिज्ञासेनें येथें येणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. चार्ल्स वॉटरटन हा इंग्लिश निसर्गप्रेमी १८१२ सालीं माकुशींच्या बाणांवरील विषाचा शोध घेत येथवर आला, आणि १९५५ सालीं तरुण डेव्हिड ॲटनबरो प्राण्यांचीं चित्रें घेण्यासाठीं आला.

प्रवासाचें शेवटचें ठिकाण लेथेम. १९४० च्या दशकांतील एका गव्हर्नराचें नांव त्यास दिलेलें आहे. ईस्टरच्या सणांत येथें गुराख्यांच्या कसरतींची मोठी जत्रा भरते. गांवाच्या कडेला ताकुतू नदीवर २००९ सालीं झालेला पूल असून पलीकडे ब्राझिल आहे. गयानांत वाहनें डाव्या बाजूनें जातात, ब्राझिलमध्यें उजव्या. म्हणून पुलाजवळ रस्ता असा वळविला आहे कीं एका दिशेची वाहनें दुसऱ्या दिशेच्या वाहनांवरून जाऊन आपोआप बाजू बदलतात. ज्यांच्याजवळ ब्राझिलचा परवाना असेल, त्यांस तेथून बोआ व्हिस्तापर्यंत डांबरी रस्त्यानें जातां येतें.

निघण्यापूर्वीं कांहीं गोष्टी घरूनच कराव्या लागतात. गयाना हा पीतज्वराच्या प्रदेशांत गणला जातो. म्हणून निदान दहा दिवस आधीं त्याची लस टोंचून दाखला जवळ ठेवावा. तो नसल्यास भारतांत परत आल्यावर विलग ठेवले जाण्याची पाळी येते. अंतर्भागांत हिंवताप आहे, तेव्हां डॉक्टरच्या सल्ल्यानें त्याचीं औषधें घ्यावींत. खुळखुळ्या साप माळावर आढळतो, म्हणून गवतांत पाय टाकतांना बूट आणि रात्रीं विजेरी असावी. शिवाय एसेक्विबोच्या पश्चिमेकडील साऱ्या प्रदेशावर व्हेनेझुएला हक्क सांगत आला आहे, आणि २०१८ पासून हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें गेला आहे. सरहद्दीची परिस्थिति निघतांना विचारून घ्यावी.

शेवटीं एक विचार सांगून आटोपतों. गयानाच्या समुद्रांत २०१५ सालीं खनिज तेलाचे मोठे सांठे सांपडले, आणि २०१९ च्या अखेरीस तेल निघूं लागलें. त्या पैशाबरोबर देशांत रस्ते वाढूं लागले. लिंडेनपासून माबुरा हिलपर्यंतचा सुमारें १२१ किलोमीटरांचा मातीचा रस्ता पक्का करण्याचें काम २०२२ सालीं हातीं घेण्यांत आलें. हा पक्का रस्ता पुढें माळरानापर्यंत जावा, असें तेथील पुष्कळ लोकांस वाटतें, आणि त्यांचें म्हणणें योग्य आहे. आजारी माणसाला इस्पितळांत नेण्यासाठीं, मिठापासून सिमेंटपर्यंत प्रत्येक वस्तूचा भाव उतरण्यासाठीं त्यांना रस्ता हवा आहे. आपल्या सुट्टीसाठीं त्यांनीं मागासलेलें राहावें, असें म्हणण्याचा अधिकार प्रवाशास नाहीं. पण वेगवान् मोटारी आल्या म्हणजे कडेच्या सायकलवाटेचें काय होईल, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. आणि तो प्रथम त्या शाळकरी मुलांचा व शेतकरी बायकांचा आहे, आपला मागाहून.

म्हणून कमी खर्चांत दूरचा मुलूख पाहूं इच्छिणारांनीं रुपुनुनीपासून एक गोष्ट घ्यावी. ऋतु पाहून निघणें, वारा पाहून दिशा ठरविणें, पाणी पाहून मुक्काम करणें, आणि घरधन्याला विचारून त्याच्या अंगणांत पाऊल टाकणें, या चार गोष्टींना पैसे फारसे पडत नाहींत; पडतो तो वेळ, आणि लागते ती नम्रता. ज्यांच्याजवळ या दोन वस्तु आहेत, त्यांस एक साधी सायकल घेऊन तेरा हजार चौरस किलोमीटरांचें माळरान पाहतां येईल, आणि त्यांच्या प्रवासाचा भार तेथील कोणावर पडणार नाहीं.